वाचकांचे प्रश्न : लाल खडकांच्या मुलखात दोघांचा शरद

प्रश्न : आम्ही नाशिकचे. माझे वय ५८ आणि यजमानांचे ६२. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, दसरा झाल्यावर निघून धनत्रयोदशीच्या आत घरी परतायचे, अशा बेताने आम्ही दोघेच अमेरिकेतील युटा आणि ॲरिझोना या राज्यांतील दऱ्यांची राष्ट्रीय उद्याने पाहायला जाणार आहोत. व्हिसा झाला आहे. लास वेगासला उतरून बारा रात्रींत झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, आर्चेस, कॅनियनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅनियन आणि ग्रँड कॅनियन असे सगळे करावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. गाडी तेच चालवतील. मला गुडघेदुखी आहे आणि उंच कड्यावर उभे राहिले की भोवळ येते. त्यांना मात्र झायनमधील ‘एंजल्स लँडिंग’ चढायचेच आहे. एवढे सगळे बसेल का, आणि आमच्या दोघांच्या दोन तऱ्हा एका सहलीत कशा जुळवाव्यात? प्रवेशशुल्काचे नियम बदलले आहेत असे ऐकले, तेही कृपया सांगावे.
एक वाचक, नाशिक

उत्तर : वेळापत्रकात हे सगळे बसेल, पण ते बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण लिहिलेली आठ ठिकाणे एका फेरीत घेतली, तर लास वेगासहून निघून पुन्हा लास वेगासला येईपर्यंत दोन हजार किलोमीटरच्या घरात अंतर होते, आणि त्यात उद्यानांच्या आतले रस्ते धरलेले नाहीत. बारा रात्रींसाठी हा आकडा फार मोठा वाटत नाही. परंतु ऑक्टोबरच्या अखेरीस तेथील दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, आणि या मुलखात डोळे भरून पाहण्यासारखे जे आहे ते मुख्यतः सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-दोन तासांत दिसते. तिरप्या उन्हात जो खडक आतून पेटल्यासारखा केशरी दिसतो, तोच भर दुपारी सपाट आणि फिका पडतो. रोज सामान आवरून पुढचे गाव गाठणाऱ्यांचे नेमके हेच तास गाडीत जातात. म्हणून ज्या उद्यानाच्या दाराशी सलग दोन रात्री राहता येणार नाही ते उद्यान यादीतून काढावे, ही एकच कसोटी लावा.

ती लावल्यावर मोआब गावाजवळची आर्चेस आणि कॅनियनलँड्स, तसेच कॅपिटॉल रीफ आणि मॉन्युमेंट व्हॅली गळतात. यजमानांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे, परंतु पूर्वेकडची ही ठिकाणे स्वतंत्र सहलीच्या तोलाची आहेत आणि धावत्या भेटीत त्यांच्यावर अन्यायच होतो. उरलेली फेरी सुमारे तेराशे किलोमीटरची आहे : लास वेगासहून झायनच्या दाराशी असलेले स्प्रिंगडेल, तेथून ब्राइस, मग अँटिलोप कॅनियनजवळचे पेज, मग ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ आणि परत लास वेगास. यातील शेवटचा साडेचारशे किलोमीटरचा टप्पा सोडला, तर एकाही दिवशी तीन तासांहून फार अधिक गाडी चालवावी लागत नाही.

आता तारखा. या वर्षी दसरा २० ऑक्टोबरला आहे. मुंबईहून २१ ऑक्टोबरच्या पहाटेच्या विमानाने निघालात, तर वेळेतील फरकामुळे त्याच तारखेला लास वेगासला पोहोचता येते. ती रात्र फक्त झोपेसाठी ठेवावी. साडेबारा तासांचा वेळफरक अंगात असताना, अनोळखी देशात, रस्त्याच्या उजव्या बाजूने, अंधारात गाडी चालवायला बसणे धोक्याचे आहे, आणि बासष्टाव्या वर्षी तर ते मुळीच करू नये. त्यानंतर २२ ते २४ या तीन रात्री स्प्रिंगडेल, २५ आणि २६ ब्राइस, २७ आणि २८ पेज, २९ ते ३१ ग्रँड कॅनियन, १ नोव्हेंबरची रात्र पुन्हा लास वेगास आणि दुसऱ्या दिवशी परतीचे विमान, अशी मांडणी मी सुचवेन. धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला आहे, म्हणजे घरी पोहोचून झोपेची घडी बसवायला एक-दोन दिवस मिळतात. ग्रँड कॅनियनची तिसरी रात्र मी जाणूनबुजून धरली आहे. वाटेत कोठे थकवा आला, एखाद्या दिवशी पाऊस किंवा बर्फ पडले, तर तो दिवस तेथे खर्ची घालता येईल. काहीच अडले नाही, तर ग्रँड कॅनियनला तीन दिवसही कमीच पडतात.

हे पंधरा दिवस आपण नकळत उत्तम निवडले आहेत. या प्रदेशात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी गडगडाटी पाऊस कोसळण्याचा काळ असतो. तो तोवर सरलेला असतो. ऑक्टोबरच्या मध्यास युटातील शाळांना सुट्टी असते आणि त्या आठवड्यात उद्याने तुडुंब भरतात. तीही गर्दी ओसरलेली असते. झायनच्या दरीत नदीकाठी कॉटनवूड नावाचे उंच वृक्ष आहेत, आणि त्यांची पाने ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पिवळीधमक होऊ लागतात. वर लाल कडे, खाली सोनेरी झाडांची रांग आणि मधून वाहणारी व्हर्जिन नदी हे दृश्य उन्हाळ्यात जाणाऱ्यांना मिळत नाही.

झायनमध्ये मुख्य दरीच्या रस्त्यावर शटल बसच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्च ते नोव्हेंबर, खासगी गाड्यांना बंदी असते. ही मोफत बससेवा २००० साली सुरू झाली आणि दरीतील शांतता तिच्यामुळेच टिकून आहे. गाडी मुक्कामावर ठेवून सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बसने आत जावे; आपल्या मुक्कामात २४ तारखेचा शनिवार येतो, त्या दिवशी तर नऊनंतर बससाठी मोठी रांग लागते.

एंजल्स लँडिंगला १ एप्रिल २०२२ पासून परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. शरद ऋतूतील तारखांसाठीची सोडत जुलैत निघते. तीत नाव आले नाही, तर चढाईच्या आदल्या दिवशीही एक सोडत असते. अर्जाचे शुल्क सहा डॉलर आहे आणि परवाना मिळाल्यास प्रत्येकी तीन डॉलर द्यावे लागतात. वाट सुमारे साडेचारशे मीटर चढते. शेवटचा अर्धा मैल दोन्ही बाजूंना तुटलेल्या अरुंद धारेवरून, खडकात रोवलेल्या साखळीला धरून जावे लागते, आणि या टप्प्यावर माणसे पडून दगावली आहेत. आपण या टप्प्यावर जाऊ नये, आणि कोणी कितीही धीर दिला तरी आपला निर्णय बदलू नये. यजमानांनी मात्र आतापासून आठवड्यातून एकदा पांडवलेणे किंवा चामरलेणे चढण्याचा सराव ठेवला, डॉक्टरांना दाखवून घेतले आणि परवाना मिळाला, तर त्यांनी अवश्य जावे. साखळीच्या अलीकडे ‘स्काउट लुकआउट’ नावाचा सपाट माथा आहे आणि तेथपर्यंत जायला परवाना लागत नाही. सोडतीत नाव न आल्यास तेथवरची चढाईदेखील समाधान देणारी आहे, हे त्यांना सांगून ठेवावे.

त्या सकाळी आपण काय करायचे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जोडप्याने प्रत्येक गोष्ट हातात हात घालूनच केली पाहिजे, या आग्रहामुळे अनेक सहलींत एकाचा हिरमोड होतो आणि दुसऱ्याचे गुडघे सुजतात. शटल बसच्या शेवटच्या थांब्यापासून ‘रिव्हरसाइड वॉक’ ही बहुतांशी फरसबंद, जवळजवळ सपाट वाट नदीच्या कडेने दरी निमुळती होत जाते तेथवर नेते. जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. कड्यांतून झिरपणाऱ्या पाण्यावर वाढलेल्या नेच्यांच्या झुलत्या बागा, पाण्यातले गोटे आणि मान मागे टेकवूनही न संपणाऱ्या भिंती आपल्याला खालून, पाय जमिनीवर भक्कम ठेवून पाहता येतील. उंचीची भीती असणाऱ्यांसाठी झायन ही सगळ्यांत दयाळू दरी आहे, कारण इथे माणूस तळातून वर पाहतो. ब्राइस आणि ग्रँड कॅनियनमध्ये याच्या उलट, काठावरून खाली पाहावे लागते. म्हणून झायनला तीन रात्री दिल्या आहेत.

रिव्हरसाइड वॉक संपतो तेथून ‘नॅरोज’ सुरू होते. ही घळ इतकी चिंचोळी आहे की नदीचे पात्र हीच वाट असते. यजमानांना हौस असल्यास स्प्रिंगडेलमध्ये पाण्यात चालण्याचे बूट, उबदार मोजे, जलरोधक विजार आणि काठी भाड्याने मिळतात. ऑक्टोबरअखेरचे पाणी हाडे गोठवणारे असते, त्यामुळे साध्या कपड्यांत उतरू नये. पुराचा अंदाज मात्र रोज सकाळी अभ्यागत केंद्रात विचारूनच पाऊल टाकावे. पावसाळा सरला तरी अवकाळी सर येऊ शकते. आपल्याकडे सह्याद्रीत वरच्या पठारावर पाऊस झाला की खाली कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याला क्षणात लोंढा येतो, तसाच प्रकार इथे होतो, फक्त इथे चढून जायला काठ नसतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये असेच दूरवरच्या पावसाचे पाणी आले आणि ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. डोक्यावरचे आकाश निळे आहे, ही खात्री घळीत पुरेशी नसते.

झायनहून ब्राइसकडे जाताना १९३० साली पूर्ण झालेला, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. त्यापलीकडचे खडक नीट पाहावेत. सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूचे अफाट वाळवंट होते, आणि वाऱ्याने रचलेल्या त्या टेकड्यांच्या तिरप्या रेघा आज दगडात जशाच्या तशा उमटलेल्या आहेत. लाव्ह्याच्या आडव्या थरांचा काळा सह्याद्री पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हा तिरपा खडक फार नवा वाटतो.

ब्राइसला ‘कॅनियन’ म्हणतात, पण ती नदीने कोरलेली दरी नाही. पठाराच्या कडेला पडलेली अर्धगोल खोरी आहेत आणि त्यांत हजारो दगडी सुळके उभे आहेत. वर्षातले सुमारे निम्मे दिवस इथे रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते. भेगेत शिरलेले पाणी गोठताना फुगते, खडक थोडा उकलतो, आणि असे शतकानुशतके होऊन भिंतींच्या खिडक्या व खिडक्यांचे सुळके होतात. ज्या गारठ्याने हे घडवले तो गारठा आपल्यालाही सोसावा लागणार आहे. काठाची उंची सुमारे २,४०० ते २,७७५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून किती तरी अधिक आहे. ऑक्टोबरअखेर रात्रीचे तापमान शून्याखाली जाते. स्प्रिंगडेलमध्ये दुपारी सुती कपड्यांत फिरलेला माणूस दोन तासांच्या प्रवासानंतर इथे कुडकुडतो, म्हणून कानटोपी, हातमोजे आणि एकावर एक घालता येतील असे कपडे सामानात वर ठेवावेत. उंचीमुळे पहिल्या दिवशी थोडी धाप लागेल, सावकाश चालावे.

२५ ऑक्टोबरची रात्र ब्राइसला यावी, अशी तारखांची जुळणी मी मुद्दाम केली आहे. त्या दिवशी कोजागिरी आहे. सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि जवळपास त्याच वेळी पूर्वेला पूर्ण चंद्र वर येतो. ब्राइसची मुख्य खोरी पूर्वेकडेच उघडतात. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही काठावरची जवळपास सपाट, फरसबंद वाट अर्ध्या मैलाची आहे आणि तिला बऱ्याच ठिकाणी कठडे आहेत. थर्मासमध्ये मसाला दूध घेऊन तेथे बसावे. चांदण्यात ते सुळके दिवसाइतकेच स्पष्ट आणि दिवसापेक्षा वेगळे दिसतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदय पावणेआठच्या सुमारास असल्याने फार लवकर उठण्याचे कष्टही नाहीत. सुळक्यांच्या मधून चालायचे असेल, तर क्वीन्स गार्डनची वाट त्यातल्या त्यात सौम्य उताराची आहे. दोन काठ्या घेऊन, झेपेल तेथवर उतरून त्याच वाटेने परत यावे. ‘वॉल स्ट्रीट’ या वाटेची तीव्र नागमोडी उतरण यजमानांसाठी सोडावी.

पेजला दोन गोष्टी आहेत, अँटिलोप कॅनियन आणि नदीच्या नालासारख्या वळणावरचा ‘हॉर्सशू बेंड’ हा कडा. अँटिलोप कॅनियन नावाहो या मूळ रहिवाशांच्या भूमीत आहे. तेथे नावाहो वाटाड्याशिवाय प्रवेश नाही आणि राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही. आरक्षण आताच करावे. दोन भागांपैकी ‘अप्पर’ निवडावा. तेथे आतील जमीन सपाट आहे, तर ‘लोअर’ भागात लोखंडी शिड्या आहेत. वेळेच्या बाबतीत इथे हमखास गोंधळ होतो. युटा राज्य उन्हाळी वेळ पाळते, म्हणजे त्या काळात घड्याळे एक तास पुढे ठेवते; ॲरिझोना पाळत नाही, पण ॲरिझोनातीलच नावाहो प्रदेश पाळतो. आपण २७ तारखेला पेजला पोहोचाल तेव्हा घड्याळ एक तास मागे घ्यावे लागेल. अँटिलोपच्या फेऱ्या पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. फोन मात्र सीमेजवळ कोणत्याही मनोऱ्याची वेळ पकडतो. मनगटावरचे साधे घड्याळ लावून घ्यावे. हॉर्सशू बेंडला कड्याच्या मुख्य भागी कठडा आहे. आपण त्याच्या मागेच उभ्या राहा, नदीचे वळण तेथूनही पूर्ण दिसते.

ग्रँड कॅनियनचा फक्त दक्षिण काठ धरावा. उत्तर काठावरचा ऐतिहासिक लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळाला, आणि एरवीही तेथील सोयी ऑक्टोबरच्या मध्यानंतर बंद होतात. पेजकडून येताना आपण डेझर्ट व्ह्यू या पूर्वेकडच्या प्रवेशद्वाराने आत शिराल. तेथे वास्तुविशारद मेरी कोल्टर यांनी रचलेला १९३२ सालचा दगडी मनोरा आहे. गावात पोहोचायची घाई न करता तेथून पश्चिमेकडचे पॉइंट एकेक करून, संध्याकाळपर्यंत पाहत यावे. यजमानांना दरीत उतरायचे असल्यास साउथ कायबाब वाटेने ‘ऊह आह पॉइंट’पर्यंत जाऊन परतावे. उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट चढायला लागतो, हा हिशेब तेथे सगळेच सांगतात, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन येण्याचा प्रयत्न करू नये, असे उद्यान स्वतः बजावते. आपल्यासाठी काठावरची फरसबंद ‘रिम ट्रेल’ आहे. ती बऱ्याच ठिकाणी कड्यापासून थोडी आत वळते. सूर्यास्त साडेपाचलाच होतो, हे विसरू नये.

शुल्काबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या प्रवाशांना, सर्वाधिक गर्दीच्या अकरा उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर अधिक द्यावे लागतात, आणि झायन, ब्राइस व ग्रँड कॅनियन ही तिन्ही त्या अकरांत आहेत. गाडीचे ३५ डॉलर आणि दोघांचे २०० डॉलर असे तीन वेळा भरण्यापेक्षा परदेशी प्रवाशांसाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा. एका पासात एका गाडीतून जाणारे आपण दोघेही येता. पासावर ज्यांचे नाव असेल त्यांनी पासपोर्ट जवळ बाळगावा. नियम नवे असल्याने निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावे.

गाडीसाठी मूळ परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. साधी सेदान पुरते, चारचाकी ओढीची गाडी लागत नाही. पेट्रोल अर्ध्यावर आले की भरावे, नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावेत आणि अंधार पडल्यावर शक्यतो गाडी चालवू नये, कारण संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळत नाही; तहान नसली तरी दिवसाला तीन लिटर पाणी प्यावे आणि मिठा-साखरेची पुडी खिशात असावी. प्रवासी वैद्यकीय विमा घेतल्याशिवाय निघूच नये.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको डेन्व्हरला नोकरी करतो. इथे नातेवाईक कोणी नाहीत. या दिवाळीत ६ ते ९ नोव्हेंबर असे चार दिवस मोआबला जाऊन आर्चेस आणि कॅनियनलँड्स पाहावीत असे मनात आहे. आम्हा दोघांना आकाशदर्शनाची आवड आहे. थंडी फार असेल का? लक्ष्मीपूजनाला तेथे पणत्या लावता येतील का?
एक वाचक जोडपे, डेन्व्हर

उत्तर : आकाशदर्शनासाठी याहून चांगले दिवस शोधून सापडणार नाहीत. दिवाळी अमावास्येची, मोआबची हवा कोरडी, आणि दोन्ही उद्याने अंधाऱ्या आकाशासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेली. नोव्हेंबरमध्ये दिवसा १२ ते १५ अंश आणि रात्री शून्याच्या आसपास तापमान असते, म्हणजे डेन्व्हरकरांना ते जड जाऊ नये. खरी काळजी रस्त्याची आहे. डेन्व्हरहून पश्चिमेकडचा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटर उंचीवर जातो आणि नोव्हेंबरात तेथे बर्फ पडू शकते. टायर तपासून घ्यावेत, आणि हवामान बिघडले तर एक दिवस उशिरा निघण्याची तयारी ठेवावी.

पहिल्या दिवशी साडेपाच-सहा तास गाडीतच जातील. दुसरा दिवस आर्चेसला द्या. डेलिकेट आर्च या दगडी कमानीची वाट जाऊन-येऊन पाच किलोमीटरची आहे, बरीचशी उघड्या खडकावरून चढते, आणि सूर्यास्ताला तेथे मोठी गर्दी होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे गेल्यामुळे सूर्य सव्वापाचच्या आतच मावळेल; परत उतरण्यासाठी डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाकडे हवी. सकाळी डेव्हिल्स गार्डनमध्ये लँडस्केप आर्च पाहावी. जवळपास ९३ मीटरचा तो दगडी पूल मध्ये इतका बारीक आहे की तो अजून उभा कसा, असा प्रश्न पडतो. १९९१ मध्ये त्याच्या खालच्या बाजूचा मोठा तुकडा कोसळला, आणि आता त्याच्याखाली जाऊ देत नाहीत. आर्चेसने मागील काही वर्षे गर्दीच्या महिन्यांत ठरावीक वेळेचे प्रवेश-आरक्षण ठेवले होते, म्हणून निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावा. तिसरा दिवस कॅनियनलँड्सच्या ‘आयलंड इन द स्काय’ भागाचा : पहाटे मेसा आर्च, मग ग्रँड व्ह्यू पॉइंट. वाटेत दुकान नाही, त्यामुळे जेवण आणि पाणी मोआबहूनच न्यावे. चौथ्या दिवशी सकाळी निघून उजेडात घाट ओलांडावा.

आकाशासाठी जेवण उरकून पुन्हा उद्यानात जावे आणि डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. तेवढ्यात एकदाही फोन उघडू नये. शर्मिष्ठेवरून देवयानी शोधली की तिच्यातील दीर्घिका तेथे नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते, आणि पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतात. अंधारात वाट सोडून चालू नये. वाटेकडेची काळपट, खडबडीत माती जिवंत असते. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफुले यांनी वाळूचे कण बांधून ती घडवलेली असते, आणि एका पावलाने मोडलेली ती भरून यायला अनेक वर्षे लागतात.

पणत्या आणि फटाके उद्यानात मुळीच नकोत. फटाक्यांना बंदी आहे आणि तेलाचा डाग वालुकाश्मात मुरतो. रविवारी, ८ तारखेला, लक्ष्मीपूजन आहे. ते मुक्कामाच्या खोलीत करावे. हॉटेलात ज्योत लावायला बहुधा मनाई असते आणि धुराने गजर वाजतो, म्हणून विजेवरच्या पणत्या बरोबर न्याव्यात. किंवा अंगण आणि स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेऊन मालकाची परवानगी विचारावी.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी ऑक्टोबरमध्ये मुलाकडे फिनिक्सला जाणार आहोत आणि ग्रँड कॅनियनसाठी एकच पूर्ण दिवस आहे. तेथील शिखरांना विष्णू, शिव, ब्रह्मा अशी नावे आहेत असे वाचले. हे खरे आहे का, आणि ती कोठून दिसतात?
एक वाचक, मडगाव

उत्तर : खरे आहे. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या सुमारास या प्रदेशाचे सर्वेक्षण केले आणि १८८२ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दरीच्या मधून उठलेले, पायऱ्यापायऱ्यांचे, टोकाशी निमुळते होणारे सुळके पाहून त्यांना पूर्वेकडील देवळांची आठवण झाली, आणि ‘विष्णू टेंपल’ व ‘शिवा टेंपल’ ही नावे त्यांनी दिली. पुढे तीच रीत चालू राहिली आणि ब्रह्मा, देव, मनू, बुद्ध यांचीही ‘मंदिरे’ नकाशावर आली. दरीच्या तळाशी जो अतिप्राचीन, सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा काळसर खडक उघडा पडला आहे त्यालाही ‘विष्णू’ हेच नाव आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. ही नावे देणाऱ्यांचा आपल्या धर्माशी संबंध नव्हता, आणि हवासुपाई, हुआलापाई, होपी, नावाहो या मूळ लोकांची स्वतःची नावे त्यापूर्वीपासून आहेत, हेही तेथे उभे असताना ध्यानात ठेवावे.

शिवा टेंपल हा सपाट माथ्याचा, झाडांनी भरलेला अलग पडलेला डोंगर आहे. त्यावर वेगळ्या जातीचे प्राणी उत्क्रांत झाले असतील, या अपेक्षेने १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची मोहीम त्यावर चढली होती. तसे काही सापडले नाही.

एकच दिवस असेल तर फिनिक्सहून आदल्या संध्याकाळी येऊन काठावर किंवा तुसायान गावात मुक्काम करावा. सकाळी मॅदर पॉइंटपासून यावापाई पॉइंटपर्यंत चालावे. समोर, पलीकडच्या बाजूस ब्रह्मा टेंपल आणि त्याच्या पुढ्यात झोरोॲस्टर टेंपल दिसते. यावापाईच्या छोट्या भूविज्ञान संग्रहालयात दरीची उंचसखल प्रतिकृती आहे, तीवर नावे जुळवून घ्यावीत, म्हणजे पुढे प्रत्येक सुळका ओळखता येतो. दुपारनंतर गाडीने पूर्वेकडे ग्रँडव्ह्यू आणि मोरान पॉइंटकडे जावे. विष्णू टेंपल त्या बाजूने जवळ आणि ठळक दिसते, आणि उतरत्या उन्हात त्याचे थर सुटे सुटे मोजता येतात. शिवा टेंपलसाठी पश्चिमेकडचा हर्मिट मार्ग आहे. तो नोव्हेंबरअखेरपर्यंत खासगी गाड्यांना बंद असतो, म्हणून गावातून मोफत बस घेऊन होपी पॉइंटला उतरावे. दिवस एकच असल्याने ही फेरी सकाळच्या चालण्यानंतर लगेच, जेवणाआधी उरकून घ्यावी.